अर्ध्या गाईडचा फेब्रुवारी

"हत्तींचा?"

"कळप."

"उंटांचा?"

"तांडा."

"केळ्यांचा?"

"घड. लोंगर म्हटलं तरी मार्क देतात."

फेब्रुवारी लागला की आमच्या यवतमाळच्या घरात असा मारा सुरू होतो. माझी मुलगी केतकी सरकारी नोकरीच्या परीक्षांना बसते आहे. ती मोबाईलवरून प्रश्न विचारते आणि मी तुरीच्या शेंगा सोलता सोलता उत्तरं देते. परीक्षा तिची आणि उत्तरं माझी, असा आमचा कारभार. म्हणींचं तर विचारूच नका. तिने अर्धी म्हणायची आणि मी पुरी करायची. परवा ती वैतागलीच.

"आई, गॅसचा नंबर लावायचं तू विसरतेस. मग हे सगळं बरं तुझ्या लक्षात राहतं?"

"लहानपणी मोठ्याने वाचलंय," मी म्हटलं. "मोठ्याने वाचलेलं जात नाही."

ती हसली आणि कानात ते दोन पांढरे बोळे खुपसून पुन्हा मनातल्या मनात वाचायला लागली. हल्ली कुणाच्याच घरातून वाचण्याचा आवाज येत नाही. पूर्वी परीक्षा जवळ आल्या की गल्लीतून नुसतं चालत गेलं तरी कळायचं, कुणाचं पोर कुठल्या धड्यावर आहे. एका घरात पानिपत चाललेलं, दुसऱ्यात गोदावरीच्या उपनद्या. आता सगळीकडे शांतता. बरंच आहे म्हणा. मोठ्याने वाचण्याचा परिणाम काय होतो, हे मला यंदाच्या जानेवारीत कळलं, तेही पस्तीस वर्षांनी.

तेव्हा आम्ही फुलसावंगीला होतो. बाबा टपाल खात्यात होते आणि पोस्टाच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. मी चौथीत. शाळेतून शिष्यवृत्तीच्या परीक्षेला गुरुजींनी दोघींना निवडलं होतं, एक मी, मंजू, आणि दुसरी जमुना. जमुना गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरून चालत यायची. तिची आई, म्हणजे तिची याडी, रोजाने कापूस वेचायला जायची, आणि रविवारी जमुनाही तिच्यासोबत असायची.

बाबांनी पुसदहून एक गाईड आणलं. दुकानात एकच उरलेलं होतं. गुरुजींनी ते उलटंपालटं करून पाहिलं, खिशातून चाकू काढला आणि बरोबर शिवणीवर त्याचे दोन भाग केले. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. नवं कोरं पुस्तक, डिंकाचा वास अजून गेला नव्हता!

"वरडतं कायले?" गुरुजी म्हणाले. "तुमी दोघी माही बैलजोडी हाय. अर्धं तू वाच, अर्धं जमुना वाचन. परीक्षेच्या आठ दिस आधी बदलून घ्या."

माझ्या वाट्याला पहिला भाग आला. त्यात म्हणी, वाक्प्रचार, समूहदर्शक शब्द, म्हणजे कुणाच्या घोळक्याला काय म्हणायचं त्याच्या लांबलचक याद्या, आणि त्यांवरचे प्रश्न. जमुनाकडे इतिहास, नद्या, सण, लोककला, आणि अगदी शेवटी साऱ्या पुस्तकाची उत्तरं. म्हणजे माझ्या प्रश्नांची उत्तरं तिच्याजवळ होती. आमची दोस्ती पक्की व्हायला एवढं कारण पुरलं.

रविवारी सकाळी मी शेतात जायची. हंगाम कधीच उलटलेला असायचा, झाडांवर उशिराचा फरदडीचा कापूस तेवढा शिल्लक. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, वाळलेली, बोंडांची टोकं सुईसारखी; जमुनाच्या भुवईवर अशाच एका टोकाचा ओरखडा होता. बांधापलीकडे पळस लालभडक पेटलेला. मी बांधावर बसून ओरडून प्रश्न विचारायची आणि जमुना कमरेला फडकं बांधून वेचता वेचता उत्तर द्यायची. एका ओळीला एक पान, असा आमचा हिशोब होता. तिच्या वाट्याचं अर्धं गाईड माझ्याच शेजारी भाकरीच्या फडक्यात ठेवलेलं असायचं. पण तिने उत्तर दिल्याशिवाय मागची पानं उघडायची नाहीत, हा तिचा नियम. मी एकदा चोरून पाहिलं तर ती अर्धा दिवस बोलली नाही.

हळूहळू सगळं शेतच अभ्यासाला बसलं. मी म्हणायची, "काखेत कळसा?" आणि चारी ओळींतून बायका ओरडायच्या, "गावाले वळसा!" मी म्हणायची, "आंधळं दळते?" आणि उत्तर यायचं, "अन् कुत्रं पीठ खाते!" त्यांच्यातल्या सुगंधाबाई सर्वांत तयारीच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण म्हणीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा मी वाचलं, "कापूस महाग होणे, म्हणजे वाळणे, कृश होणे." सुगंधाबाईंनी कंबर सरळ केली.

"कोनं लिवलं वं हे? कापूस महाग झाला तं आमी वाळू कायले? जाड नाई होनार?"

सगळ्या हसत सुटल्या. 'पळसाला पानं तीनच' आली तेव्हा जमुनाने त्या लाल झाडाकडे बोट दाखवलं. "मोजून पाय. आता तं एकबी नाई." आणि 'महिलांचे मंडळ' वाचलं तेव्हा तर सुगंधाबाई दिवसभर प्रत्येकीला 'ओ मंडळ' म्हणून हाका मारत होत्या. जाताना मात्र मला विचारलं, "पोरी, वेचनाऱ्या बायाईले काय म्हंतेत ते नाई का तुह्या पुस्तकात?" मी यादी दोनदा वाचली. करवंदांची जाळी होती, मडक्यांची उतरंड होती, भाकऱ्यांची चवड होती. वेचणाऱ्या बायका नव्हत्या.

त्याच यादीत होतं, 'लमाणांचा तांडा'. जमुनाने ते ऐकलं आणि हातातला कापूस तसाच धरून धावत आली. "दाखव दाखव. आमचा तांडा पुस्तकात हाय!" शब्दावर बोट ठेवून तिने दोनदा वाचलं. मग बोट वर सरकलं, मग खाली. वर उंट होते, खाली मुंग्या होत्या. 

"मंजू, मानसं याइच्या मधात कायले ठेवले?"

मागच्या पानांत याचं उत्तर नव्हतं.  ती परत आपल्या ओळीत गेली आणि म्हणाली, "हं, पुढचं इचार."

मला त्या बांधावर पुन्हा जाऊन बसायचं आहे. खरं सांगते, एवढ्या वर्षांत मी बऱ्या-बऱ्या जागी गेले, पण इतकं मन लावून माझा प्रश्न ऐकणारं कुणी मला परत भेटलं नाही. उन्हाची तिरीप, वाळलेल्या पानांचा कुरकुर आवाज, बायकांच्या बांगड्या, आणि पऱ्हाटीतून वर आलेलं जमुनाचं तोंड, "पुढचं इचार." त्या दोन महिन्यांत मी जितकी सुखी होते तितकी पुढे कुठल्याच परीक्षेआधी नव्हते.

आणि ते सुख मीच नासवलं.

परीक्षेला दहा-बारा दिवस असताना गुरुजी बाबांना म्हणाले, "आपल्या शाळेतून एखादाच नंबर लागन बहुतेक. जमुना लय तेज हाय." बाबांनी ते घरी जेवताना सांगितलं. सहज सांगितलं. रागावले नाहीत, की तू कमी पडतेस असंही म्हणाले नाहीत. पण मी ताट तसंच ठेवून उठले. जमुना हुशार आहे हे मला ठाऊकच होतं, बांधावर बसून मीच ते रोज पाहत होते. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं मात्र मला सोसलं नाही.

शनिवारी अदलाबदलीचा दिवस. शाळा सुटल्यावर जमुनाने आपला भाग माझ्या हातात दिला. जुन्या ओढणीच्या तुकड्याचं कव्हर घातलं होतं तिने त्याला, कडेला आरशाची एक टिकली. मी म्हटलं, "माझा घरी राहिला गं. उद्या देते."

तो माझ्या दप्तरातच होता.

रविवारी मी शेतात गेले नाही. सोमवारी शाळेत म्हटलं, विसरले. मंगळवारी दिवेलागणीला ती घरी आली. दारात तिचा आवाज ऐकला आणि मी आतल्या खोलीत पळाले. आईला खुणेने सांगितलं, मी नाही म्हण. आई दबक्या आवाजात चिडली. "अगं, तिचं तिला देऊन टाक ना. काय वागणं आहे हे?" मी हात जोडले. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं, दाराशी गेली आणि म्हणाली, "मंजू देवळात गेली आहे, बाळ." आई खोटं बोलायची नाही. माझ्यासाठी बोलली.

आता माझ्या अकलेची कमाल पाहा. आमच्या घरी बाबांचा दंडक होता, अभ्यासाचा आवाज पोस्टापर्यंत आला पाहिजे. मनात वाचणं म्हणजे झोपा काढणं. शिवाय प्रत्येक ओळ दोनदा वाचायची. त्यामुळे जमुना गेली असं वाटताच मी लपवलेला माझाच भाग उजळणीला काढला आणि खड्या आवाजात सुरू झाले. "हरणांचा कळप, हरणांचा कळप. साधूंचा जथा, साधूंचा जथा." ज्या पुस्तकाची चोरी केली तेच पुस्तक गावाला ऐकू जाईल असं वाचणारी चोर मीच. बुधवारीही वाचलं, गुरुवारीही वाचलं. गुरुवारी आई चुलीवर मिरच्या भाजत होती. असा खकाणा उठला की डोळे चोळत मी उठले आणि गल्लीकडची खिडकी सताड उघडली. मग उघड्या खिडकीपाशी बसून उरलेल्या सगळ्या म्हणी संपवल्या.

परीक्षा झाली. जमुना माझ्याशी नेहमीसारखीच बोलली, पुस्तकाचा विषय तिने काढला नाही, आणि त्यामुळे मला जास्तच भीती वाटायला लागली. मीच तिला टाळलं. निकाल लागला तो उन्हाळ्यात. तिचा नंबर लागला, माझा नाही. ती पुसदला वसतिगृहात जाणार असं कळलं. त्याच जूनमध्ये बाबांची बदली झाली आणि सामानाच्या ट्रकमध्ये गाईडचे दोन्ही तुकडे माझ्याबरोबर यवतमाळला आले. एक उघडा, एक ओढणीच्या कव्हरातला. ते माझ्या कपाटात आहेत. किती घरं बदलली, पण तेवढं टाकवलं नाही, आणि शिवून एक करायला हातही धजला नाही. फेब्रुवारी आला की काढते, पाहते, ठेवून देते.

यंदा जानेवारीत एक दिवस मी नोकरी करते त्या ऑफिसात सुती साडीतल्या एक बाई कागदांची पिशवी घेऊन आल्या. मी कागद पाहत होते, आणि त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"फुलसावंगीच्या पोस्टातली मंजू काय वं तू?"

भुवईवर बोंडाच्या टोकाचा तोच जुना ओरखडा होता. जमुना! उभ्या उभ्या तिने मला जवळ घेतलं. झरी जामणीकडच्या एका जंगलातल्या गावात ती शाळेत शिक्षिका आहे, वीस वर्षं झाली. आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांसाठी चहा आला. आणि जमुनाने, सगळ्यांच्या देखत, माझा हात हातात धरून सांगायला सुरुवात केली.

"हे माही दोस्त. हिच्यामुळं मी मास्तरीन झालो." आमच्याकडे बायकाही 'मी झालो, मी गेलो' असंच म्हणतात. "आमचं एकच गाईड होतं, अर्धं-अर्धं. परीक्षेच्या आधी मी हिच्या घरी गाईड मांगाले गेलतो. हिची माय म्हने, मंजू देवळात गेली. मी माघारी फिरलो, तं आतून हिचा आवाज! मले समजलं. माय पुस्तक देऊ देत नाई बिचारीले. तांड्यावरच्या पोरीले कोन देते? म्हून हे मोठ्यानं वाचून राह्यली. एक एक ओळ दोन-दोन डाव. मी भिंतीपाशी उभी राह्यलो. तीन रोज आलतो. तिसऱ्या रोजी हिनं वाचलं, भिंतीले कान असतेत, अन् वाचल्याबरोबर खिडकीच उघडून देल्ली! मले तं रडूच आलं. सारं पाठ झालं माह्यं तठी."

माझ्या हातातला चहा गार झाला. सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तर डोळे पुसले.

"आता माह्या शाळेतबी मी तसंच करतो," जमुना सांगत होती. "खिडकी कधी लावत नाई. मोठ्यानं वाचतो, दोन-दोन डाव. मोहफुलं येचाले जानाऱ्या बाया थांबतेत, ऐकतेत, मंग जातेत. दोघी-तिघी तं आता सही कराले लागल्या. बाहेर कोन उभं असन, आपल्याले काय मालूम, नाई का मंजे?"

मी मान हलवली. फक्त मान हलवली. जाताना तिने विचारलं, "ते गाईड कोठी असन वं आता?" मी म्हटलं, "काय माहीत." पस्तीस वर्षांनी पुन्हा त्याच पुस्तकाबद्दल मी तिच्याशी खोटं बोलले.

त्या दिवसापासून मला झोप लागत नाही असं नाही, लागते. पण पोळी लाटताना, बसमध्ये, केतकीला उत्तरं देताना मध्येच ते आठवतं आणि हात थांबतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मनाची मी बरीच समजूत घातली. राहू दे की. एका खोट्या आठवणीवर तिने एक खरी खिडकी उघडी ठेवली आहे. ती मी कशाला लावू? तिला काय मिळणार माझ्या खरेपणातून? मला हलकं वाटावं म्हणून तिच्या डोक्यावर ओझं का द्यावं? हे सगळं पटत होतं. अगदी पटत होतं.

पण मग आई आठवायची. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. 'तिचं तिला देऊन टाक ना' असं म्हणणारी तीच एकटी होती त्या घरात. आणि पस्तीस वर्षं जमुनाच्या गोष्टीत, तिच्या शाळेत, तिने सांगितलेल्या प्रत्येकाच्या मनात, पुस्तक अडवणारी आणि तांड्यावरच्या मुलीला परत पाठवणारी बाई म्हणजे माझी आई आहे. माझं पाप तिच्या नावावर लागलं आहे, आणि ते झटकायला ती येऊ शकत नाही. माझं काय ते होऊ दे, आईवर हे राहायला नको.

म्हणून मी हे सगळं लिहून काढलं. तोंडाने सांगायला गेले तर मी पुन्हा मान हलवून मोकळी होईन, हे मला माहीत होतं.

आज रविवार. दुपारचं ऊन अंगणात उतरलं आहे, समोरच्या मैदानाकडेचा पळस फुलला आहे आणि त्याला एकही पान नाही. गाईडचे दोन्ही तुकडे मांडीवर घेतले आणि जमुनाला फोन लावला. म्हटलं, "काही लिहिलंय. वाचून दाखवू?" ती म्हणाली, "वाच नं, मी बाहेर बाजेवरच बसून हावो."

मी वाचायला लागले. हत्तींचा कळप आला तेव्हा ती हसली. सुगंधाबाई आल्या तेव्हा "अगं माय" म्हणाली. मग अदलाबदलीचा शनिवार आला. माझा आवाज बारीक होत गेला. 'तो माझ्या दप्तरातच होता' हे मी जेमतेम पुटपुटले. पण तेवढ्यावर थांबले नाही, आईचं बोलणं वाचलं, मिरच्यांचा खकाणा वाचला, खिडकी वाचली. आणि मग पुढचं वाचवेना.

 पलीकडे लांब कुठेतरी कोंबडा आरवत होता. केतकी कानातले बोळे काढून दारात येऊन उभी राहिली होती. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला.

पलीकडून जमुनाचा श्वास ऐकू आला. मग आवाज.

"थांबली कायले?" ती म्हणाली. "वाच नं पुढं. जरासं मोठ्यानं वाच."